वचनाचे वारसदार

अनेक धर्मग्रामांत नववर्षाच्या पहिल्या मिस्सेनंतर चर्चच्या दाराशी एक टोपली ठेवण्यात येते. तीत रंगीत कागदाच्या लहान लहान चिठ्ठ्या असतात व प्रत्येक चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातील एखादे वचन छापलेले असते. भाविक पुढे येतो, डोळे मिटून एक चिठ्ठी उचलतो, वाचतो आणि पाकिटात जपून ठेवतो. वर्षभराची शिदोरी मिळाल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसते. घरातील वेदीजवळ टांगलेली वचने, दुकानात गल्ल्यामागे लावलेली वचने, रिक्षाच्या काचेवर चिकटवलेली वचने ही सारी याच प्रथेची भावंडे होत.

या प्रथेची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणाविषयीचा आपला दस्तऐवज प्रसृत केला आणि सर्व श्रद्धावंतांनी पवित्र शास्त्राचे वारंवार वाचन करावे असा आग्रह धरला. त्यापूर्वी आमच्या अनेक घरांत रोझरी होती, संतांच्या तसबिरी होत्या. परंतु शास्त्राची प्रत क्वचितच आढळे. ज्या समाजाने शास्त्र दुरून ऐकले, त्याच्या हाती आता ते आले आहे, आणि हाती आलेली वस्तू माणूस प्रथम आपल्या गरजेपुरती वापरतो. तहानलेल्याला विहिरीची खोली विचारण्याचे भान नसते.

तथापि एक प्रश्न आम्हांस दीर्घकाळ छळत आला आहे. चिठ्ठीवर छापलेले वचन हे प्रथम कुणाला तरी दिलेले असते. ते कुणाला दिले, केव्हा दिले, कोणत्या संकटात दिले आणि ऐकणाऱ्याला त्यासाठी काय मोजावे लागले, हे चिठ्ठीवर छापलेले नसते. दुसऱ्याला दिलेले वचन आपण आपले म्हणून घ्यावे काय? आणि त्याहूनही गंभीर असे की, ते वचन आपण तिसऱ्या माणसाच्या हाती देवाच्या नावाने द्यावे काय? पहिला प्रश्न शास्त्राभ्यासाचा आहे. दुसरा नीतीचा आहे. आमच्या मते दोन्ही प्रश्न एकमेकांपासून अलग करता येत नाहीत.

आरंभी शब्दाचाच विचार करू. मराठीने या बाबतीत आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. 'वचन' या शब्दाने आपण उच्चारलेला बोलही सांगतो आणि दिलेला शब्दही सांगतो. 'त्याने वचन दिले' आणि 'आज चर्चमध्ये वचन वाचले' या दोन वाक्यांत शब्द एकच आहे. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही अभिवचनासाठी निराळा खास शब्द नाही. देव 'बोलला' एवढेच तेथे म्हटलेले असते, आणि त्याचे बोलणे हेच त्याचे वचन देणे असते. 'दाबार' या हिब्रू शब्दाचा अर्थ बोल असा आहे, तसाच घडलेली गोष्ट असाही आहे. देवाचा बोल आणि देवाची कृती यांत फट नाही, हा विश्वास त्या भाषेच्या हाडात मुरलेला आहे. फट असते ती माणसाच्या बोलण्यात व करण्यात. म्हणूनच माणूस देवाच्या नावाने बोलू लागला की भय वाटावयास हवे.

'आशीर्वाद' या शब्दाचेही तसेच आहे. आपण तो वरून खाली येणारी वस्तू समजतो: वडीलधारे देतात, लहानांनी वाकून घ्यावयाचा. पवित्र शास्त्रात मात्र हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. देव माणसाला आशीर्वाद देतो आणि स्तोत्रकर्ता आपल्या जिवाला सांगतो की, तूही देवाला धन्यवाद दे. हिब्रूत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. याचा अर्थ असा की आशीर्वाद हे मुळात नाते आहे, मालमत्ता नव्हे. नात्यातून धनधान्य, संतती, आरोग्य येईलही. परंतु ते आले नाही म्हणून नाते तुटले असे होत नाही, आणि ते भरपूर आले म्हणून नाते घट्ट आहे असेही सिद्ध होत नाही.

आता एका प्राचीन वस्तूकडे वळू. १९७९ साली यरुशलेमच्या जुन्या शहराच्या नैर्ऋत्येस, हिन्नोमच्या खोऱ्यालगत, गाब्रिएल बार्काय या पुरातत्त्वज्ञाच्या पथकास खडकात कोरलेल्या थडग्यांत चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या. मोठी गुंडाळी उलगडल्यावर सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची भरली, लहान तर चार सेंटिमीटरचीच. पातळ पत्रा तुटू नये म्हणून ती उलगडण्यास तज्ज्ञांना फार मोठा अवधी लागला. त्यांवर सुईसारख्या टोकाने कोरलेली अक्षरे वाचली तेव्हा तो अहरोनाचा आशीर्वाद निघाला. याजकांनी इस्राएलला कसा आशीर्वाद द्यावा हे गणना या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे: प्रभू तुझे रक्षण करो, त्याचे मुख तुजवर प्रसन्न असो, तो तुला शांती देवो, अशा आशयाचा. बहुसंख्य अभ्यासक या गुंडाळ्यांचा काळ इ. स. पूर्व सातव्या शतकाची अखेर वा सहाव्याचा आरंभ असा मानतात. म्हणजे मृत समुद्राकाठी सापडलेल्या हस्तलिखितांहूनही त्या काही शतकांनी जुन्या आहेत. पवित्र शास्त्रातील मजकुराचा इतका जुना लेखी पुरावा आजवर दुसरा मिळालेला नाही.

हे वाचताना मन भरून येते. ज्या आशीर्वादाने आजही मिस्सेच्या अखेरीस धर्मगुरू कधी कधी लोकांना निरोप देतो, तोच कुणीतरी सव्वीसशे वर्षांपूर्वी गळ्यात बांधला होता. आणि लगेच दुसरा विचार येतो. रक्षणाचे व शांतीचे हे शब्द ज्या शहरात लोक ताइतासारखे अंगावर बाळगीत होते, ते शहर त्याच काळात बाबेलच्या सैन्याने वेढले, फोडले व जाळले. मंदिर भस्मसात झाले, लोक बेड्या घालून नेले गेले. गळ्यात आशीर्वाद होता आणि वेशीवर शत्रू होता. मग आशीर्वाद खोटा ठरला काय?

हा प्रश्न त्या काळच्या यरुशलेमने स्वतःलाच विचारला होता. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठ्ठाविसावा अध्याय आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत आणि दर वाचनी तो अधिक जवळचा वाटतो. पहिला जथा बाबेलला नेला गेल्यानंतरचा हा प्रसंग आहे. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत घोषणा करतो की, दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल, राजा परत येईल, मंदिराची लुटलेली पात्रे परत येतील. लोकांना हेच ऐकावयाचे होते. यिर्मयाच्या मानेवर त्या वेळी लाकडी जू होते; दास्य दीर्घकाळ चालेल हे दाखवण्यासाठी त्याने ते घातले होते. हनन्याचे बोलणे ऐकून तो प्रथम काय म्हणतो? 'आमेन' म्हणतो. प्रभू असेच करो, अशी इच्छा प्रकट करतो. ते गोड वचन खरे व्हावे असे त्यालाही वाटत होते! परंतु आपल्याला वाटते म्हणून ते देवाचे वचन ठरत नाही, हे त्याला ठाऊक होते. हनन्याने त्याच्या मानेवरील जू ओढून मोडले, तेव्हा तो निमूटपणे निघून गेला आणि प्रभूचे बोल मिळाल्यावरच परत आला. लाकडाच्या जागी लोखंडाचे जू येईल, असा तो बोल होता.

पुढील अध्यायात यिर्मयाने बाबेलमधील बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे. चिठ्ठ्यांच्या टोपलीतील कदाचित सर्वांत लोकप्रिय वचन याच पत्रातले आहे: देवाच्या मनातील संकल्प तुमच्या हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशा व भवितव्य मिळेल, या आशयाचे. परंतु त्याच्या अगदी अलीकडचे वाक्य चिठ्ठीवर येत नाही. तेथे सत्तर वर्षांची मुदत घातलेली आहे. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी जवळजवळ कुणीही परतीची वाट चालणार नव्हता. त्यांना सांगितलेले काम निराळे होते: परक्या मुलखात घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शहराने तुम्हाला बंदी केले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हनन्याचे वचन दोन वर्षांचे होते आणि त्यासाठी काहीच करावे लागणार नव्हते. यिर्मयाचे वचन सत्तर वर्षांचे होते आणि त्यासाठी उद्या सकाळी कुदळ हाती घ्यावयाची होती. खऱ्या व खोट्या वचनातील फरक ओळखण्याची याहून चांगली खूण आम्हांस सापडलेली नाही.

आमच्या मनातील प्रश्न केवळ अभ्यासिकेतला नाही, हे सांगण्यासाठी एका घटनेचा उल्लेख करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका बाईचा नवरा मूत्रपिंडाच्या विकाराने अंथरुणास खिळला होता. बाहेरगावच्या एका प्रार्थना मेळाव्यात तिला एक वचन देण्यात आले आणि सांगण्यात आले की, श्रद्धेने हे धरून ठेव, तुझा धनी उठून बसेल. तिने ते धरून ठेवले. रात्रंदिवस म्हटले, उशाखाली ठेवले. चाळीस दिवसांनी आम्ही त्या माणसाचा दफनविधी केला. महिन्याच्या स्मरणार्थ मिस्सा सांगावयास ती आली तेव्हा तिने शांतपणे विचारले, "फादर, मला एवढंच सांगा, वचन खोटं होतं की माझी श्रद्धा खोटी होती?"

या प्रश्नात केवढी निर्दयता भरलेली आहे पाहा. ती तिची नव्हे, तिला तो प्रश्न ज्यांनी दिला त्यांची. तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या होत्या. एक देवाला लबाड ठरवणारी, दुसरी स्वतःला नवऱ्याच्या मृत्यूस जबाबदार धरणारी. तिसरी शक्यता तिला कुणी दाखवली नव्हती: जे देवाने तिला सांगितले नव्हते, ते एका माणसाने देवाच्या नावावर खपवले होते. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले. त्यांनी सांगितलेली तत्त्वे पुष्कळ अंशी शास्त्रातलीच होती: नीतिमानाचे कल्याण होते, दुष्टाचा नाश होतो. तरीही ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप झाला तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. खरे वचन चुकीच्या माणसाच्या तोंडावर फेकले की ते असत्य होते.

वचन अर्धे सांगणे हा तर मोहात पाडणाऱ्याचाच खास धंदा आहे. अरण्यात सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेले व खाली उडी टाकण्यास सांगितले, तेव्हा त्याच्या मुखी कोणते शब्द होते? एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातील अभिवचन! देवदूत तुला हातांवर झेलतील, असे. ख्रिस्तसभेच्या प्रहरांच्या प्रार्थनेत हेच स्तोत्र आम्ही धर्मगुरू रविवारी रात्री निजण्यापूर्वी म्हणतो. ते असत्य कसे असेल? सैतानाने मात्र त्यातील एक लहानसा अंश गाळला. तुझ्या सर्व मार्गांत देवदूत तुझे रक्षण करतील, असे स्तोत्र म्हणते. 'सर्व मार्गांत' हे शब्द त्याने वगळले. मार्गावर चालणाऱ्याला दिलेले वचन त्याने मार्ग सोडून उडी घेणाऱ्यास देऊ केले. येशूने ते स्वीकारले नाही. देवपुत्राने एक आश्वासक वचन आपल्यासाठी घेण्याचे नाकारले, हे आम्ही वचने वाटणाऱ्यांनी विसरू नये.

अशी गाळागाळ आपणही नकळत करतो. अनुवाद ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात अडुसष्ट ओव्या आहेत. पहिल्या चौदांत आशीर्वाद आहेत: शहरात व शेतात, टोपलीत व परातीत. उरलेल्या चोपन्नांत करार मोडणाऱ्यावर येणारे शाप आहेत. दुकानात लागतात त्या पहिल्या चौदांतल्या ओव्या, आणि त्यांच्या आरंभी असलेली 'जर' ही अट बहुधा चौकटीबाहेर राहते. मार्काच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना शंभरपट घरे, भाऊबहिणी व शेते मिळतील असे सांगितले आहे. त्याच वाक्यात 'छळासह' असा एक शब्द आहे. छळाचा शब्द असलेली चिठ्ठी आम्ही आजवर पाहिलेली नाही.

मग काय करावे? प्रत्येक वचन ज्याचे त्याला परत करून शास्त्र कपाटात ठेवावे काय? काही विद्वान जवळजवळ तेच करतात. त्यांच्या लेखी यिर्मयाचे पत्र बाबेलमधील बंदिवानांचे, अब्राहामाचे वचन अब्राहामाचे. आपण केवळ इतिहास वाचावयाचा. सेमिनरीत आम्हीही ग्रंथांची पार्श्वभूमी, काळ व साहित्यप्रकार अभ्यासण्याची शिस्त घेतली आणि ती आवश्यकच आहे. परिषदेचा वर उल्लेखिलेला दस्तऐवजही लेखकाचा हेतू व लेखनप्रकार लक्षात घेण्यास सांगतो. परंतु तेथेच थांबणाऱ्यापाशी दुखावलेला माणूस फार काळ बसत नाही. आणि शास्त्रही तेथे थांबत नाही. गलतीकरांस लिहिताना पौल स्पष्ट सांगतो की, जे ख्रिस्ताचे आहेत ते अब्राहामाची संतती व वचनानुसार वारस आहेत. वारसदार! दुसऱ्याला दिलेले वचन आपले होऊ शकते ते याच वाटेने.

वारसा म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यास समजावून सांगावे लागत नाही. जमिनीबरोबर तिचे कर्ज येते, बांधाचे तंटे येतात, विहिरीची दुरुस्ती येते, म्हाताऱ्या आत्येची देखभाल येते. जो सातबाऱ्यावर नाव लावतो आणि बाकीचे नाकारतो, त्याला गाव वारस म्हणत नाही. वचनाचेही असेच आहे. अब्राहामाचे वचन घ्यावयाचे तर अब्राहामाची वाटही घेतली पाहिजे. तो पंचाहत्तर वर्षांचा असता निघाला आणि इसहाक जन्मला तेव्हा शंभर वर्षांचा होता. मधली पंचवीस वर्षे रिकाम्या पाळण्याची होती. सारा देश देण्याचे वचन त्याला मिळाले, पण सारा वारली तेव्हा तिला पुरावयास त्याच्यापाशी हातभर जमीन नव्हती. एफ्रोन हित्तीला चारशे शेकेल चांदी तोलून देऊन त्याने मकपेलाचे शेत व गुहा विकत घेतली. एवढ्या मोठ्या वचनाचा त्याच्या हयातीत हाती आलेला जमिनीचा तुकडा म्हणजे एक कबर, आणि तीही पुरे पैसे मोजून घेतलेली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक या पूर्वजांविषयी म्हणतो की, ते वचनांची फळे न मिळताच मरण पावले. त्यांनी ती दुरून पाहिली व तेथूनच त्यांना वंदन केले. शास्त्र आपल्या सर्वांत मोठ्या श्रद्धावंतांविषयी हे सांगते. त्यांची श्रद्धा कमी पडली असे म्हणण्याचे धैर्य कुणाला होईल?

यिर्मयानेही एक जमीन विकत घेतली होती. यरुशलेमला वेढा पडलेला, स्वतः तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत घेऊन त्याच्या दाराशी आला. ते गाव शत्रूच्या टाचेखाली असताना त्याने सतरा शेकेल तोलून दिले, खरेदीखतावर सही केली, साक्षीदार घेतले आणि तो कागद दीर्घकाळ टिकावा म्हणून मातीच्या भांड्यात ठेवण्यास बारूखला सांगितले. या देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे देवाचे वचन त्याने अशा रीतीने आपले केले. पुढे लोकांनी त्याला मिसर देशात नेले. ते शेत त्याने कधी कसल्याचा उल्लेख नाही. हनन्याने वचन सांगण्यासाठी दुसऱ्याच्या मानेवरचे जू मोडले. यिर्मयाने वचन सांगण्यासाठी स्वतःची थैली रिकामी केली.

वचन तिसऱ्यास देण्याविषयीच्या आमच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते, असे आम्हांस वाटते. जो वचन देतो तो जामीन राहतो. इब्रींच्या पत्रात प्रभू येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे, कारण त्याने आपला देह त्या शब्दामागे उभा केला. देव तुझा सांभाळ करील, असे विधवेला सांगणारा मनुष्य पुढच्या महिन्यात तिच्या घरी शिधा आहे की नाही हे पाहावयास जात नसेल, तर त्याने देवाच्या नावावर उधारी केली आहे. तो जात असेल तर त्याच्या तोंडचे वचन तिला खोटे वाटणार नाही, मग पुढे काहीही होवो.

संतांच्या इतिहासात याचा एक सुंदर दाखला आहे. १२२४ च्या सप्टेंबरात असिसीकर संत फ्रान्सिस ला व्हेर्ना पर्वतावर होते. ख्रिस्ताच्या जखमा त्यांच्या अंगावर नुकत्याच उमटल्या होत्या. त्यांचा सोबती ब्रदर लिओ त्या दिवसांत आंतरिक मोहाने व्याकूळ झाला होता आणि गुरूच्या हातचे काही लिखाण मिळावे अशी त्याची फार इच्छा होती. फ्रान्सिसने चर्मपत्राचा एक तुकडा घेतला, एका बाजूस देवाची स्तुती लिहिली आणि दुसऱ्या बाजूस तोच अहरोनाचा आशीर्वाद लिहून त्याखाली लिओचे नाव घातले. यरुशलेमच्या थडग्यातील चांदीवर जे शब्द होते, तेच. लिओने तो तुकडा घडी करून मरेपर्यंत अंगावर बाळगला. त्याच्या घड्या असिसीच्या महामंदिरात आजही दिसतात. शास्त्रातील आशीर्वादात एका सामान्य माणसाचे नाव घालण्याचा अधिकार फ्रान्सिसला कुणी दिला? ज्या हाताने ते लिहिले त्या हाताला जखम होती. त्याने लिओला सुटकेची तारीख दिली नाही, मोह संपेल अशी हमी दिली नाही. देवाचे मुख तुझ्याकडे वळलेले असो, एवढेच दिले. जे देवाने सर्वांना दिले आहे, तेच त्याने एकाला नाव घेऊन दिले.

यावरून वचनांचे व्यक्तिगत चिंतन कसे करावे याची दिशा मिळते. बाराव्या शतकातील कार्थुसियन साधू दुसरा गिगो याने शास्त्रवाचनाच्या शिडीला चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान. आमची बहुतेक मंडळी पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी घेतात. वाचले की लगेच मागितले. मननाची पायरी गाळली जाते. त्या पायरीवर बसून वाचकाने संथपणे विचारावे: हे शब्द प्रथम कुणी ऐकले? तो तेव्हा कोठे होता, त्याचे काय गेले होते? त्याला काय करावयास सांगितले? त्याला ते हयातीत मिळाले काय? एवढे विचारून झाल्यावर मग आपले नाव त्या ओळीत घालून पाहावे. काही वचनांत ते बसणार नाही. साराला झालेला पुत्र प्रत्येकीला होईल असे देवाने म्हटलेले नाही. काही वचनांत ते निश्चित बसेल. युगाच्या समाप्तीपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे, हे प्रभूचे आश्वासन कोणत्याही अटीविना सर्वांचे आहे, आणि खोल पाहिले तर बाकीच्या सर्व वचनांचा गाभा तेवढाच आहे. पौल करिंथकरांना लिहितो की, देवाची जितकी वचने आहेत तितक्यांचा होकार ख्रिस्तात आहे. ख्रिस्तात, म्हणजे क्रूसावर खिळलेल्या व पुनरुत्थित झालेल्या प्रभूत. त्याला वगळून काढलेली वचने केवळ शुभेच्छा होत.

कुणी म्हणेल, बुडत्याच्या हातची काडी कशाला हिरावता? काडी हिरावण्याचा अधिकार आम्हांस नाही. अंधारात एकच ओळ धरून बसलेल्या माणसाला शास्त्राचे संदर्भ सांगत बसणे हीही एक निर्दयता आहे. तेथे शेजारी बसावे. वर उल्लेखिलेल्या बाईला आम्ही वचनांची दुसरी चिठ्ठी दिली नाही. तिच्या घरी जाऊन काही संध्याकाळी तिच्याबरोबर स्तोत्रे वाचली. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तिला फार आवडले. त्यात कोणतेही आश्वासन नाही. ते आक्रोशाने सुरू होते व अंधारातच संपते. तिने विचारले, "हेही देवाचंच वचन का?" होय, हेही. ज्या ग्रंथात देवाने अभिवचने ठेवली, त्याच ग्रंथात अभिवचन न मिळालेल्याचा हुंदकाही त्याने जपून ठेवला आहे. त्या दिवसापासून ती स्वतःच्या श्रद्धेचा हिशेब मागेनाशी झाली.

वचन पूर्ण होणे म्हणजे काय, याचे चित्र लूकने मंदिरातील शिमोनाच्या रूपाने रेखाटले आहे. ख्रिस्ताला पाहिल्यावाचून मरण येणार नाही, असे त्या वृद्धाला सांगितलेले होते. शेवटी त्याच्या हाती आले ते एका गरीब जोडप्याचे तान्हे मूल. इस्राएलची सुटका नाही, रोमी सत्तेचा अंत नाही. ओझे म्हणावे तर एका बाळाचे. तेवढ्यावर त्याने देवाचे आभार मानून जाण्याची परवानगी मागितली. मग त्याने त्या मातापित्यांना आशीर्वाद दिला, आणि आशीर्वाद देऊन होतो न होतो तोच मातेला सांगितले की, तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. सुवार्तिकाने या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. शिमोनाने पवित्र मरियेपासून काही गाळले नाही, आणि तिनेही त्यातील अर्धेच उचलले नाही. जिने प्रभूचे बोलणे पूर्ण होईल असा विश्वास धरला म्हणून अलीशिबेने तिला धन्य म्हटले, ती पुढे क्रूसाजवळ उभी राहिली, आणि पेन्टेकॉस्टपूर्वी शिष्यांसह प्रार्थना करीत बसलेलीही तीच होती. मधल्या काळात तिच्यापाशी देवाचा शब्द होता आणि उभे राहण्याचे बळ होते. वचनाच्या वारसदाराला बहुधा एवढेच मिळते, आणि ते पुरते.